पाहुण्यांसाठी वाजलेली हलगी

महेशने चेंडूवर पाय ठेवला आणि अख्खं ग्राउंड गप्प झालं. कोल्हापुरात फुटबॉलच्या ग्राउंडवर एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. मी मिक्सरवर बसलो होतो आणि त्या घडीला माझं काम एकच होतं, काहीही न वाजवणं.

माझा धंदा साऊंडचा. शिवाजी पेठेत गोडाऊन आहे. गणपती, लग्नं, सभा, सगळं वाजवून झालंय. पण अंध खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेचं उद्घाटन पहिल्यांदाच मिळालं होतं. परदेशी संघ, झेंडे, संचलन. मी नुसता हवेत होतो. ग्राउंडच्या चारी कोपऱ्यांत स्पीकरच्या भिंती उभ्या केल्या. आपल्याकडे मान द्यायचा म्हणजे दणका मोठा पाहिजे.

भारताच्या संघाचे गाइड शिर्के सर आदल्या दिवशी ग्राउंड बघायला आले. गाइड म्हणजे गोलमागे उभा राहून हाका मारणारा डोळस माणूस. त्यांनी मला खेळ समजावला. चेंडूत खुळखुळा असतो. खेळाडू त्या आवाजावर चेंडू पकडतो आणि गाइडच्या हाकेवर गोल शोधतो. भिंती बघून सर म्हणाले, "ह्या काढा. चारी बाजूंनी आवाज आला की आमच्या पोरांना बाजूच उरत नाही."

मी म्हणालो, काढायची गरज नाही, त्या वेळी फेडर खाली असेल. फेडर म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती पट्टी. ती माझ्याच हातात असते, तुम्ही निर्धास्त राहा, असंही वर सांगितलं.

उद्घाटनात महेशने मध्यापासून चेंडू नेऊन एक गोल मारून दाखवायचा होता. महेश कोडोलीचा, भारताचा कॅप्टन. त्याने तो मान मागून घेतला होता, कारण त्याचे वडील पहिल्यांदाच त्याचा खेळ बघायला येणार होते. शिर्के सरांनी मला हेही सांगितलं. आंधळं पोरगं पळत जाऊन गोल मारतं यावर वडिलांचा विश्वासच नव्हता. लोक कौतुकानं चेंडू पायात आणून देत असणार, असं ते गावात बोलायचे.

ते पुढच्याच रांगेत बसले होते. पांढरी टोपी, मांडीवर हात, चेहरा घट्ट.

सगळ्यांना धास्ती होती ती पब्लिकची. आपली पब्लिक फुटबॉलला गप्प बसणं म्हणजे आक्रीतच. मी माइकवरून घसा फोडून विनंती केली, "टाळी नको, शिट्टी नको, गोल झाल्यावर काय ते करा." आणि पब्लिकनं ऐकलं. पेठेतली पोरं तोंडावर हात धरून बसली होती. महेश निघाला. खुळखुळ्याचा आवाज मला मिक्सरपर्यंत येत होता. समोरून शिर्के सरांची हाक चालू होती.

तेवढ्यात उशीर झालेले प्रमुख पाहुणे गेटमधून आत आले.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. पाहुण्यांचा पाय आत पडला की हलगी वाजलीच पाहिजे. त्यासाठी ट्रॅक कायम तयार ठेवलेला असतो. कुणी सांगावं लागत नाही, हात आपोआप जातो. मला कुणी इशारा केला नव्हता. गेटमध्ये फेटा दिसला आणि माझा फेडर वर गेला.

चारी भिंतींतून हलगी कडाडली. महेश जागेवर थबकला. त्याने मान एकीकडे वळवली, मग दुसरीकडे. चेंडू पुढे निघून गेला होता. तो उलट्या दिशेला दोन पावलं धावला, हवेत लाथ मारली आणि पडला. मागच्या बाजूला कुणीतरी हसलं. पाहुण्यांना वाटलं सगळं आपल्यासाठीच चाललंय, त्यांनी हात हलवला.

मी फेडर खाली ओढला, पण आता कुणासाठी? समितीच्या अध्यक्षांकडे पळत गेलो, एकदा परत मारू द्या म्हणून हात जोडले. ते म्हणाले, "आधीच उशीर झालाय, पाहुण्यांना दुसरीकडं जायचंय. सत्कार घ्या." शाल आणि नारळ पुढे आले. महेशचे वडील उठले आणि मान खाली घालून गेटकडे चालू लागले. मला जमीन दुभंगावी असं झालं.

कार्यक्रम संपल्यावर मी महेशला गाठलं. चूक माझी होती, हे सांगितलं. तो गुडघ्यावरची माती झाडत होता. "सिस्टिम चांगली हाय तुमची," तो म्हणाला. "आण्णा गेले न्हवं?" वडिलांना गेटकडे जाताना मी बघितलं होतं, मी हो म्हणालो.

त्याच रात्री भिंती उतरवल्या. दुसऱ्या दिवशीच्या मॅचमध्ये महेशने तिघांना चुकवून गोल मारला. मी स्वतः बघितला. शिर्के सरांकडून नंबर घेऊन त्याच्या वडिलांना फोन केला, नाव सांगितलं, हलगी मीच वाजवली हेही सांगितलं, आणि गोलचं सगळं वर्णन केलं. चेंडू कुणी पायात दिला नव्हता, हे दोनदा सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पावणं, काल पोरगं पडलं ते मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. आजचं तुमी सांगताय."

आता शांतता पाळायची असली की मी फेडरवर भरवसा ठेवत नाही. मेन स्विच बंद करतो आणि खुर्चीवरून उठून लांब उभा राहतो. सवयीच्या हाताला यापेक्षा दुसरा इलाज मला सापडलेला नाही.