शटर पाडणारे नाना

नाना नसते तर आज मी हैदराबादच्या या खोलीत बसून हे लिहीत नसते. आईसारखीच कुणाच्या तरी द्राक्षबागेत घडांच्या विरळणीला हात वर करून उभी असते. म्हणून आधी त्यांचं नाव, मग बाकीचं. नीट लिहिता येईल का, याची धाकधूक आहेच. शाळा नववीतच सुटली.

नाशिकजवळ विमानं तपासायच्या एका हँगरमध्ये नाना हत्यारांच्या स्टोअरवर होते. हत्यार नेताना आपल्या नंबरचा पितळी बिल्ला त्या हत्याराच्या खिळ्याला अडकवायचा, परत करताना काढून घ्यायचा. पाळी संपताना एखाद्या खिळ्यावर बिल्ला राहिला, की नाना उठत, हँगरचं शटर खाली ओढत आणि समोर स्टूल टाकून बसत. मग हत्यार सापडेपर्यंत साहेबसुद्धा आतच. "पाना हरवला म्हणजे तो विमानात आहे," म्हणत. "नाय असं सिद्ध होईस्तोवर आहेच."

माणसांना ते गावाच्या नावानं हाक मारत. एक चांदवड, एक सिन्नर, आणि मी हरसूल. "ए हरसूल, जेवलीस का?" असं ओरडले, की दूर आलोय हे घटकाभर विसरायला व्हायचं.

माझं काम विमानाच्या आतलं. सीटच्या खाली आडवं होऊन, दांड्याच्या आरशात बघायचं, की प्रत्येक सीटखाली लाइफ जॅकेट पिशवीत नीट आहे की नाही. जागा इतकी अरुंद, की पहिल्या दिवशी माझा श्वासच अडकला. बाहेर पळाले. नाना शटरपाशी उभे होते. रागावले नाहीत. म्हणाले, "तुला बाहेर येता आलं. उद्या पट्टा लावून आत बसलेल्याला येणार नाय. दार त्याच्या हातात नसतं. म्हणून त्याच्या वाटचं आपण दोनदा बघायचं." मी परत आत गेले.

तिसऱ्या महिन्यात ते घडलं. त्या दिवशी माझा बिल्ला दुसऱ्या हत्यारावर होता, म्हणून चांदवडनं आपल्या बिल्ल्यावर आरसा काढून मला दिला. असं चालत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. दुपारी पाळी संपली. भिंतीवर आरशाच्या खिळ्याला त्याचा बिल्ला लटकत होता, आरसा नव्हता.

शटर खाली आलं.

चांदवड माझ्याकडे बघेना. त्या संध्याकाळी त्याच्या बहिणीचा साखरपुडा होता, तरी त्यानं माझं नाव घेतलं नाही. "माझ्याकडनंच कुठंतरी राहिला," म्हणाला. लोक बादल्या उपड्या करत होते, खिसे झाडत होते. "काय चांदवड, बहिणीला आहेरात दिलास काय आरसा?" असं कुणीतरी म्हटलं आणि सगळे हसले. पत्र्याखाली गरम होत होतं. मी तोंड उघडलं तर आम्हाला कामावर लावणारा ठेकेदार मला काढणार. नाही उघडलं तर चांदवडला काढणार. आणि ते विमान उद्या माणसं घेऊन उडायचं होतं. अर्धा तास मी गप्प राहिले. तो अर्धा तास मला अजून गिळता येत नाही.

नाना पाण्याचा पेला घेऊन माझ्यापाशी आले. "पी," म्हणाले. पेला परत देताना मीच म्हटलं, "नाना, आरसा माझ्याकडं व्हता."

"बरं. कितव्या रांगेपर्यंत होता?"

"चौदाव्या. म्होरं आठवत नाय."

त्यांनी मला विमानात नेलं, चौदाव्या रांगेत बसवलं, पट्टा लावला. "डोळे मीट. डोक्याला विचारू नकोस, हाताला विचार. उजव्या हातात काय, डाव्या हातात काय?" उजव्या हातात आरसा होता. डाव्यानं जॅकेटची पिशवी आत ढकलत होते. पट्टी अडकली, म्हणून आरसा पिशवीच्या तोंडाशी ठेवून दोन्ही हात लावले... मी रडायलाच लागले. पंधराव्या रांगेतल्या खिडकीकडच्या सीटखाली, जॅकेटच्या पिशवीतच आरसा निघाला. विमान पाण्यात उतरवायची वेळ आली असती तर कुणाच्या हाताला जॅकेटऐवजी तो लागला असता.

ठेकेदार म्हणाला, "हिला उद्यापासून नको." नाना शटरच्या साखळीवरचा हात न काढता बोलले, "जी बोलली तिला काढलंत तर पुढच्या वेळी कुणी बोलणार नाय. मग तुम्हीच शोधत बसा." मग म्हणाले, "चूक दोघांची. दोघांनी महिनाभर माझ्या स्टोअरचा झाडू मारायचा." साहेबांनी मान हलवली, तेव्हा कुठं शटर वर गेलं. चांदवड साखरपुड्याला पोचला, पण जेवणं उरकल्यावर.

पुढं हैदराबादला कायमची नोकरी लागली, तीही नानांनी शब्द टाकल्यामुळे. निघायच्या आदल्या दिवशी पंचवटीतल्या त्यांच्या घरी पाया पडायला गेले. उद्या पहिल्यांदाच विमानात बसायचं, भीती वाटते, म्हटलं. नानांनी सुपारीचा अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "मी एकदा बसलो होतो. शारजाला लेकीकडं निघालो. दार लावायला आले आणि मला राहवेना, उतरवा म्हटलं. माझी बॅग शोधून काढेस्तोवर सगळं विमान माझ्या नावानं बोटं मोडत होतं." हसले. "नातू सात वर्षांचा झाला. फोनवरच बघतो. हँगरात कुणाला सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी माझ्या विमानाचं दार लागलं तेव्हा हात आपोआप सीटखाली गेला. "मॅडम, काही हरवलंय का?" हवाई सुंदरीनं विचारलं. "नाय, बघतेय," म्हटलं. पिशवी जागेवर होती. हैदराबाद येईपर्यंत मी दोनदा बघितलं, आणि दोन्ही वेळा डोळ्यांपुढं नाना होते. आपल्यालाही हीच भीती आहे, हे मला एकटीला सांगून त्यांनी मला पाठवलं होतं.

नाना, माझा पासपोर्ट यायचा आहे. रजाही साठवतेय. शारजाच्या विमानात तुमच्या शेजारची सीट माझी. दार लागेल तेव्हा तुम्ही नातवाबद्दल बोलत राहा. तुम्हाला तिथं पोचवल्याशिवाय मी उतरणार नाही.