घासून लावायचं पॉलिश

"आधी उघाडीसन दखाड, भाऊ," असं म्हणत अक्का काउंटरवर तळहात थोपटायच्या. उघडून दाखवल्याशिवाय त्या काही घेत नसत, अगदी ऑइलचा सीलबंद डबासुद्धा. अशी गिऱ्हाइकं तुम्हीही पाहिली असतील. रांगेत त्यांच्या मागे उभं राहायची वेळ आली की आपण घड्याळ बघू लागतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावात मोटारींच्या सामानाच्या दुकानात मी काउंटर सांभाळत होतो. अक्का साठीच्या होत्या. माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे बोलणं निम्मं अहिराणी. यजमान गुरांचे डॉक्टर. चोपड्याकडची गावं पालथी घालून निवृत्त झाले आणि त्यांनी जुनी राखाडी फियाट घेतली. गाडी ते चालवत, पण खरेदीला यायच्या अक्काच. "हे दुकानदाराचं लगेच ऐकतात," असं त्यांचं म्हणणं.

एकदा त्या गाडीचं पॉलिश मागायला आल्या. मी एक चपटा डबा आणि एक बाटली पुढे ठेवली. दोन्ही उघडून दाखवणं आलंच. त्यांनी डब्यातल्या मेणात नख रुतवलं, बाटलीचा वास घेतला.

"कोणतं लावायला जास्त कष्ट?"

"पेस्टला. थोडं थोडं घेऊन गोल गोल घासायचं, वाळू द्यायचं, परत फडक्यानं काढायचं. खांदे भरून येतात. हे लिक्विड नवीन आलंय. ओतलं, पुसलं, झालं. तुम्ही लिक्विडच न्या."

"मंग पेस्ट दे."

मला वाटलं, बाई हट्टी. पण महिन्याभरात त्या दुसरा डबा न्यायला आल्या.

"अक्का, एका गाडीला हा डबा वर्षभर पुरतो!"

"रविवारी घरी ये. दखाडस तुले."

गेलो. अंगणात फियाट आणि बॉनेटजवळ खुर्चीत डॉक्टर. त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. उजव्या हाताला अक्कांनी फडकं बांधून दिलं होतं. तो हात बॉनेटवर हळूहळू गोल फिरत होता, मध्येच घसरत होता. अक्का शेजारी उभ्या राहून दटावत होत्या, "इथे राहिलं. हेडलाइटच्या वर. गुरांना असंच अर्धवट इंजेक्शन द्यायचात का?"

डॉक्टर घामाघूम झाले होते, पण हात थांबत नव्हता.

हात हलता ठेवायला दवाखान्यात रबरी चेंडू दिला होता. डॉक्टरांनी तो भिरकावून दिला. "मी काय लहान मूल आहे?" म्हणाले. मळलेली गाडी मात्र त्यांना बघवत नसे.

डॉक्टर आत गेल्यावर अक्कांनी डबा उघडला आणि नुकत्याच चकचकीत झालेल्या बॉनेटवर पुन्हा मेणाचा थर फासला. उद्या पुसायला काहीतरी हवं ना! म्हणून डबे संपत होते.

"अक्का, त्यांना कळत नसेल?"

"त्यास्ले बठ्ठं समजस," त्या पदराला बोटं पुसत म्हणाल्या. "बोलत नहीत इतलंच."

तो उद्योग वर्षभर चालला. बॉनेटचा रंग एका जागी पार उडाला. डॉक्टर आधी चमचा धरू लागले, मग शर्टाची बटणं लावू लागले. ही बातमी अक्कांनी मला काउंटरवरून अशी मोठ्यानं सांगितली की दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

पुढच्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. दुपारी पापड वाळत घालताना छातीत कळ आली, तेवढंच. जपलं होतं दुसऱ्याला. स्वतःचं दुखणं त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी भेटायला गेलो. घर नातेवाइकांनी भरलेलं होतं. डॉक्टर स्वतः किटली उचलून आल्यागेल्याला चहा ओतत होते. हात थरथरत होता, थोडा चहा बशीत सांडत होता. सून पुढे झाली, तर त्यांनी मानेनंच तिला नको म्हटलं. मग माझा कप काठोकाठ भरला, उजव्या हातानं उचलला आणि माझ्यापुढे धरला.