मुखियाच्या आवाजात मिळवलेली काठी

मला माणसांचे आवाज काढता येतात. बाबांच्या कंपनीतले साहेब, शाळेतल्या मॅडम, कॉलनीत गाडी घेऊन येणारा भाजीवाला, कुणीही. दोनदा ऐकला की आवाज घशात बसलाच. पण सगळ्यात हुबेहूब आवाज मी ज्याचा काढतो, त्याचं तोंडही मला बघायचं नाहीये.

तो आमच्या टोळीचा मुखिया. तलवारी, गुहा, राक्षस असला ऑनलाइन गेम होता, आणि आम्ही तिघं कोचिंगच्या एकाच बॅचमधले. मुखियाच्या वडिलांचं आमच्या गावातल्या मानिक चौकात भांड्यांचं दुकान. दुपारी वडील जेवायला घरी गेले की हा गल्ल्यावर बसून मोबाइलवर खेळायचा. दुसरा जवळच्या बरुआसागर गावचा. जिंकलेला माल त्याच्या थैलीत जमा व्हायचा आणि मुखिया सांगेल त्याला तो द्यायचा. तिसरा मी, वैद्य.

वैद्य मी आईमुळे झालो. गेम सुरू करताना विचारतात, योद्धा होणार, तिरंदाज होणार की वैद्य. आई मागे उभी होती. म्हणाली, "मारामाऱ्या कसल्या करतोस, वैद्य हो. घरात एक तरी डॉक्टर होऊ दे." मी झालो. मग कळलं की वैद्य दुसऱ्यांच्या जखमा भरतो, मेलेल्यांना उठवतो, पण एकटा फिरायला निघाला तर त्याला साधं रानडुक्करही मरत नाही. पहिल्याच दिवशी एका डुकराने मला चारदा लोळवलं. मुखियाने त्याचा फोटो काढून अख्ख्या बॅचला पाठवला.

म्हणजे टोळीशिवाय मला गती नव्हती, आणि मुखियाला ते पक्कं ठाऊक होतं. लढाई जिंकली की हुशारी त्याची. कुणी मेलं की, "वैद्यजी सो रहे थे." स्वतः राक्षसाच्या तोंडात उडी मारायचा आणि मला शिव्या घालायचा. मी हसायचो. विनोदी मुलगा ना मी, सगळ्यांना माहीत होतं की मला काही लागत नाही.

मला हवी होती एक काठी. शेवटच्या गुहेतला राक्षस मेला की क्वचित कधीतरी ती खाली पडायची. ती हातात आली की वैद्यालाही मारता येतं. म्हणजे एकटं फिरता येतं, कुणाला भैया-भैया करावं लागत नाही. दोनदा पडली. पहिली मुखियाने घेतली आणि हातात न धरता थेट गेममधल्या बाजारात देऊन तिच्या बदल्यात काळा घोडा आणला. दुसरी बरुआसागरवाल्याला दिली, वाढदिवस म्हणून. दोन्ही वेळा मला म्हणाला, "अगली दार तोरो नंबर." म्हणजे पुढच्या वेळी तुझा नंबर. इथल्या बोलीत, बुंदेलीत, बोलला की त्याला वाटायचं, आपण फार लाडाने बोललो.

तिसऱ्यांदा काठी पडली तेव्हा दुकानात गिऱ्हाईक आलं. कुणी बाई पातेली बघत होत्या. मुखियाने माइक बंद केला. बरुआसागरवाला कानात इअरफोन घालून खेळायचा आणि कोण बोलतंय हे स्क्रीनवर कधीच बघायचा नाही. आवाज मुखियाचा की हुकूम झाला, अशी टोळीची रीत. माल तेवढ्यात वाटला नाही तर गायब होतो, म्हणून तो सारखा विचारत होता, भैया, काठी कोणाला.

मी घसा जरा जाड केला आणि मुखियाच्या आवाजात सांगितलं, वैद्याला दे. "दे दो वैद्य खों. हम कै रए न."

"हओ भैया," तो म्हणाला आणि काठी माझ्या हातात आली. आता ती मरेपर्यंत माझी, एकदा धरली की परत देता येत नाही, असा गेमचाच नियम.

माइक बंद करणार तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईची हाक आली, "अरे, परत त्या भांडेवाल्याची नक्कल करतोयस का? पोहे गार झाले."

बरुआसागरवाल्याने अगदी भोळेपणाने विचारलं, "भैया, तुमाए घरे मराठी को बोल रओ?" मुखियाच्या घरी मराठी कोण बोलतंय, हे त्याला कळेना.

पातेली विकून मुखिया परत आला, त्याला सगळं समजलं, आणि त्याने आवाज न चढवता मला चोर म्हटलं. मी म्हटलं, माझ्या नंबरच्या दोन काठ्या कुणी खाल्ल्या ते आधी सांग. तो म्हणाला, "तेरे बिना टोली चलेगी. तू अकेला सूअर से मरेगा." आणि मला टोळीतून काढलं. कोचिंगमध्येही त्याने अशी हवा केली की माझ्या बाकावर कुणी बसेना. आवाज काढून पोरांना हसवायला गेलो, तर त्याच्याकडे बघून सगळे गप्प.

मग मी एकटा खेळलो. आधी त्या डुकराला मारलं. गरज नसताना अकरा वेळा मारलं.

पंधराएक दिवसांनी गेममधल्या एका पुलाखाली मुखिया पडलेला दिसला. नवा वैद्य त्याला मिळाला नव्हता, हे त्याच्या पडण्यावरूनच कळत होतं. पडलेल्या माणसाला वेळेत कुणी उठवलं नाही तर त्याची सगळ्यात भारी चीज जाते. त्याची भारी चीज शेजारीच उभी होती, शेपटी हलवत. माझ्या काठीच्या बदल्यात आलेला काळा घोडा.

त्याने माइक लावला. "वैद्यजी, उठा दो यार."

जी लावलं, यार लावलं. उठवायला मला दोन सेकंद पुरले असते. मी काठी खाली टेकवली, घसा जाड केला आणि त्याच्याच आवाजात म्हटलं, "अगली दार तोरो नंबर."

तो पुढे जे बोलला ते आईला ऐकू जाऊ नये म्हणून मी मोबाइलचा आवाज बारीक केला. घोडा गेला तसा मीही निघालो.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये सरांनी हजेरीत त्याचं नाव घेतलं. तो माझ्याकडे डोळे वटारून बघत होता, नाव त्याला ऐकूच गेलं नाही. मग त्याच्या आवाजात मीच म्हटलं, "हाजिर." सरांनी वहीतून मान वर न करता पुढचं नाव घेतलं.