मलिहाबादच्या वाटेवर बदललेलं चाक

लखनौहून मी ठरल्यापेक्षा आधी परतलो. ऑफिसातून बोलावणं आलं, असं तिथं ताईला सांगितलं आणि इथं सांगलीत बायकोलाही तेच सांगितलं. मला कुणीही बोलावलं नव्हतं. हे आजवर मी कुणाजवळ बोललेलो नाही. प्रवासवर्णन लिहायला बसलो आणि पहिलंच वाक्य हे आलं, तर आता राहू दे.

गेलो होतो तेही नुसता फिरायला नव्हे. मे संपता संपता ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, लग्न झाल्यापासून लखनौत. दाजी औषध संशोधनातले शास्त्रज्ञ, आता निवृत्त, जानकीपुरमला घर. ताई फोनवर हळू आवाजात म्हणाली, "हे हल्ली विसरतात रे. की मीच टपून बसते म्हणून तसं वाटतं, कळत नाही. निनाद म्हणतो पापा ठीक आहेत. तू ये, चार दिवस राहा. तू बघ आणि मला सांग."

मी काय बघणार, हे मलाही कळेना. पण तिकीट काढलं.

पुण्याहून गाडी पकडली. झाशी मागं पडल्यावर शेतं सपाट होत गेली आणि आभाळ मातकट. चारबाग स्टेशनचे लाल-पांढरे घुमट वळून वळून बघत बाहेर आलो, तर ई-रिक्षांच्या गर्दीत एक पिकअप उभी. इतकी उंच, की रिक्षावाले तिच्या सावलीत उभे राहून तंबाखू मळत होते. वरून हाक आली, "मामा, प्रणाम! ट्रेन टाइम पर आ गई, कमाल है!" माझा भाचा निनाद. त्याला मराठी सगळं कळतं; बोलताना मात्र हिंदीच येतं.

दाजी शेजारच्या सीटवरून खाली उतरले. उतरले म्हणजे उडीच मारली. निवृत्तीनंतर त्यांनी ही जुनी फोर-बाय-फोर घेतली होती. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून स्प्रिंगा बदलून ती वीतभर उचलून घेतली आणि ट्रॅक्टरला शोभतील असे टायर बसवले. सप्टेंबरात ताईला घेऊन हिमाचलात, स्पितीला जायचं, हे त्यांचं ठरलेलं.

"काय मेव्हणं, शिडी आणू का?" मी दारापाशी घुटमळलो तसे दाजी म्हणाले.

"पायरी नाही का हिला?"

"होती. काढून टाकली. खडकाला घासते."

माझी उंची बेताची. कसाबसा चढलो. निनाद हसू दाबत होता, तेही मी पाहिलं.

सकाळी ताईनं खस्ते मागवले होते (फुगीर, खुसखुशीत कचोरी, वर बटाट्याची भाजी). त्यासोबत सांगलीहून मी नेलेली शेंगदाण्याची चटणी. दाजींनी चटणी खस्त्यात भरली, खाल्ली आणि म्हणाले, "सुधा, लखनौ आणि सांगलीचं लग्न लावलं बघ." ताई माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं, मी काहीतरी टिपतोय. मला तर दाजी एकदम ठणठणीत दिसत होते. चष्मा एकदा शोधला, तो डोक्यावर होता. माझाही असतो.

मग ठरलं, मलिहाबादला आंबे आणायला जायचं. ताई घरी राहिली. आम्ही तिघे निघालो, गाडी दाजींकडे. शहर संपलं तशा दोन्ही बाजूंनी आमराया सुरू झाल्या. आपल्याकडची आमराई म्हणजे डोंगरउतारावरची झाडं. इथं जमीन सपाट, झाडांच्या फांद्या इतक्या खाली, की आंबे गवतात टेकलेले. दाजी वाटेत मला गाडी समजावून सांगत होते. गिअरचे दोन दांडे. मोठा नेहमीचा. धाकटा ठरवतो की जोर दोन चाकांना द्यायचा की चारही चाकांना. "आणि हा मध्ये आला, न्यूट्रलला, की इंजिनाचा चाकांशी संबंधच तुटतो. मग मोठा गिअरमध्ये असला तरी उपयोग शून्य. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो. माझं लक्ष आंब्यांकडे होतं.

नहर (कालवा) ओलांडायला रस्ता चढावर आला आणि डावीकडून फटफट असा आवाज येऊ लागला. पुढचं चाक बसलं होतं. बांधाच्या चढावरच, तोंड वर आणि शेपूट खाली अशी गाडी उभी राहिली. दाजींनी मोठा दांडा पहिल्या गिअरला टाकला, हँडब्रेक ओढला. "ब्रेक जरा ढिला आहे. पण गिअरमध्ये आहे, कुठं जात नाही."

बाजूच्या बागेतून एक म्हातारे गृहस्थ आले. डोक्याला गमछा, हातात अर्धा खाल्लेला आंबा. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. "इत्ती ऊँच काहे बनवायो साहब? आम तोड़ै के लिए?"

दाजी खो खो हसले. "यही समझ लीजिए, चाचा."

"तो फिर सीढ़ी अलग से काहे का लाना," चाचा म्हणाले आणि बांधावर बसून आंबा चोखू लागले.

चाक बदलणं मला माहीत होतं असं मला वाटत होतं. आमच्या छोट्या गाडीचं मी स्वतः बदललेलं आहे. इथं सगळं उलटंच. निनादनं चाकाचे नट आधी जमिनीवरच सैल केले, ते समजलं. मग चौकटीखाली जॅक लावून तो फिरवू लागला. जॅक वर चढला, गाडी वर चढली, पण चाक जमिनीला चिकटून तसंच. आणखी फिरवला. गाडी आणखी वर गेली. चाक तिथंच. जॅक संपला.

"हे कसं काय?" मी विचारलं.

"स्प्रिंग लंबी है न मामा. बॉडी उठती है, पहिया नीचे लटकता रहता है."

मी तीनदा वाकून पाहिलं. तरी मला ते पटेना. गाडी वर गेली की चाक वर जाणार, एवढंच मला आयुष्यभर ठाऊक होतं.

जॅक उतरवून त्याच्याखाली लाकडाचा ठोकळा घालायचं ठरलं. ठोकळा मागच्या हौद्यात होता, एकच. चाचा बसल्या जागेवरून म्हणाले, "पिछले पहिये के नीचे कछु अटकाय देव."

"गिअर में है, चाचा," दाजी म्हणाले आणि निनादकडे वळले. "ठोकळा एकच आहे, तो इथंच लागणार."

आता जे आजवर कुणाला सांगितलं नाही, ते सांगतो. दाजींना जवळचा चष्मा हवा होता. तो ड्रायव्हरच्या सीटपलीकडे, खणात. "मी आणतो," मी म्हणालो. त्यांनी नुसतं "शिडी—" असं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मी दार उघडून पाय वर टाकलाही होता. चढावर गाडी आणखीच उंच. पाय घसरला. हाताला जे आलं ते धरून मी स्वतःला वर ओढलं. हाताखाली काहीतरी हललं आणि खट् झालं.

तो धाकटा दांडा होता.

मी त्याच्याकडे बघत राहिलो. आधी कुठं होता, मला आठवेना. पुढं होता का? मागं होता का? आता मध्ये दिसतोय तो मध्येच असायचा का? खाली हाक मारून विचारावं असं मनात आलं. विचारलं असतं तर दाजींनी हसून म्हटलं असतं, मेव्हण्यानं गाडी चढताना गिअर उपटला. निनाद हसला असता, चाचांनी त्यात भर घातली असती. गाडी तर हलली नव्हती. मी चष्मा घेतला आणि मागच्या मागं उतरलो.

ठोकळ्यावर जॅक पुन्हा चढला. या वेळी चाक उचललं गेलं. निनादनं ते काढलं. ते पंक्चर चाक दाजींनी चौकटीखाली आडवं सरकवायला लावलं. "जॅकवर कधी विश्वास ठेवू नये," म्हणाले. निनाद गुडघ्यांवर बसून नवं चाक उचलून बोल्टांवर ढकलू लागला. एकदा ढकललं, बसलं नाही. दुसऱ्यांदा छाती लावून ढकललं आणि गाडी मागं सरकली.

फार नाही. हातभर. पण ठोकळा कलंडला, जॅक आडवा झाला आणि एवढी थोरली गाडी धप्पकन त्या आडव्या टायरवर बसली. निनाद मागं फेकला गेला. त्याचा हात चाकातून निसटला होता की नव्हता, हे क्षणभर कुणालाच कळलं नाही. चाचा "या अल्लाह" म्हणत धावले. मग निनादनं दोन्ही हात वर करून दाखवले. मनगटावर नुसतं खरचटलं होतं.

दाजी त्याच्याजवळ गेले नाहीत. ते सरळ केबिनपाशी गेले आणि आत पाहिलं.

"छोटा न्यूट्रलमध्ये आहे," ते म्हणाले. कुणालाच उद्देशून नाही. मग माझ्याकडे वळले. "सुरेश, मी हा मध्ये टाकला का रे? तू शेजारी होतास. मला टाकलेला आठवत नाही."

माझ्या तोंडून शब्द गेला, "कुणास ठाऊक, दाजी."

मला वाटतं, तेव्हासुद्धा वेळ गेली नव्हती. पण डोक्यात एकच घोळ चालला होता: आधीपासून मध्ये असेल तर? मी हलवून तो मध्ये आला, की मध्ये होता तो हलून पुन्हा तिथंच आला? आज लिहिताना यात काही घोळ दिसत नाही. जॅक पहिल्यांदा चढवला तेव्हा त्याच चढावर गाडी जागची हलली नव्हती. दांडा मी ओढल्यानंतर ती गेली.

चाक शेवटी लागलं. चाचांनी बागेतून पाचसहा माणसं बोलावली, कुणी दगड लावले, कुणी गाडी धरून उभे राहिले. सगळे एकाच वेळी सल्ले देत होते. निघताना चाचांनी ओंजळभर टपके दिले (झाडावरच पिकून आपसूक पडलेले आंबे). पैसे घेईनात. "बच्चा बच गया," म्हणाले. परतीला गाडी निनादनं चालवली. किल्ली दाजींनी स्वतःहून त्याच्या हातात दिली होती.

संध्याकाळच्या चहाला ताई मला गच्चीवर घेऊन गेली. खाली दाजी अंगणात खुर्चीवर बसले होते, हातात आंबा, सोललेला नाही.

"निनादनं सांगितलं," ती म्हणाली. "तू तिथं होतास. खरंच विसरले का रे हे?"

मला बोलावलं होतं ते याच एका प्रश्नासाठी.

"असेल," मी म्हणालो. "वयच आहे, ताई."

ती रडली नाही. मान हलवली आणि कप उचलून खाली गेली.

दुसऱ्या दिवशी निनाद गाडी विकायची जाहिरात फोनवर टाइप करत होता. दाजी नाश्त्याला बसले होते. "सुधा, गॅस बंद केला का मी?" त्यांनी विचारलं. गॅसपाशी ते गेलेच नव्हते. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मी उठलो, बाहेर गेलो आणि तिकीट बदललं.

परतीच्या प्रवासात काही पाहिल्याचं आठवत नाही. डब्यात समोर एक कुटुंब होतं, त्यांनी पुरी-भाजी पुढं केली, मी घेतली. खिडकीबाहेर जे असायचं ते असेल. लोक विचारतात लखनौ कसं आहे, तर मी आमराया सांगतो, खस्ते सांगतो, लोकांची बोलण्यातली अदब सांगतो. ते सगळं खरं आहे.

गेल्या आठवड्यात दाजींचा फोन आला. डॉक्टरकडे जाऊन आले होते, आणखी तपासण्या आहेत. पिकअप गेली, कानपूर रोडकडच्या कुणीतरी नेली. स्पितीचं नाव काढलं नाही. म्हणाले, "तुझ्या डोळ्यांदेखत घडलं ते एका अर्थी बरं झालं बघ, सुरेश. मला मान्य करायला सोपं गेलं. नाहीतर मी भांडत बसलो असतो, की मी विसरत नाही." मी म्हणालो, "तब्येतीला जपा." फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, "कसे आहेत दाजी?" मी म्हणालो, "बरे आहेत."

कदाचित ते खरोखरच थोडंफार विसरत असतील. मला माहीत नाही. तपासणीत काय निघेल तेही नाही. पण त्या दिवशी कालव्याच्या चढावर ते काहीही विसरले नव्हते.

दाजींना मी दर वर्षी हा दिवाळी अंक पोस्टानं पाठवतो. या वर्षी तो पोचायच्या आधी मला जानकीपुरमला पोचायचं आहे. त्यांनी हे छापलेलं वाचून कळून घ्यावं, असं होता कामा नये. दाजींसमोर, ताईसमोर आणि निनादसमोर बसून मला माझ्या तोंडानं हे सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.