त्याने दरवाजा उघडला होता

तुमच्या घरात आपल्या मंडळाचा २००३ चा दिवाळी अंक अजून आहे का? त्यातल्या एका लेखाचा शेवट खोटा आहे. तो खोटेपणा माझा — आणि कालपर्यंत मी हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी संपादक मी होते. डब्लिनमध्ये नवीन, वय सव्वीस, डोक्यात आग. बाबा मोर्च्यांची पत्रकं वाटायचे, लहानपणी मी त्यांच्या घड्या घालायचे. पत्रकात कधी कुणी माघार घेतं का?

बापटकाकांनी, आपल्या निवृत्त डॉक्टरांनी, एका जपानी सरदाराचं चरित्र दिलं होतं. तीन वर्षं लायब्ररीत बसून लिहिलेलं. लहानपणी शत्रूकडे ओलीस, मग लढाया, मग स्वतःचा किल्ला. शेवटी वेढा पडला — आणि त्याने दरवाजा उघडला. गाव वाचलं. जहागीर गेली. पुढे तो एका देवळामागे वांगी लावत म्हातारा झाला.

वांगी? मला ते सहन झालं नाही. इराकवरच्या युद्धाविरुद्ध फलक धरून उभी राहणारी मी — आणि लढाई नाकारणारा माणूस मलाच भेकड वाटला. मी शेवटचा परिच्छेद काढून स्वतःचा घातला: दरवाजा बंद, सरदार तटावर, हातात तलवार, वीरमरण. काकांना विचारलं नाही. नाव मात्र त्यांचंच ठेवलं.

दिवाळीच्या कार्यक्रमात लोक त्यांना सांगत होते, "काका, शेवट वाचून अंगावर काटा आला." काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "अगं, माझा माणूस वांगी लावत होता. त्याला मारलं कुणी?"

तेव्हा तरी खरं बोलायचं ना? मी म्हणाले, "कमिटीने बदललं, काका."

कमिटीतल्या कुणी तो लेख छापण्याआधी वाचलाही नव्हता. काका मात्र तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नाहीत. मंडळात येत नाहीत. पाच वर्षांत त्यांनी एक ओळ लिहून दिलेली नाही. आणि मी? दर संक्रांतीला त्यांच्याकडे तिळगूळ घेऊन जात राहिले.

काल इथवरचा मजकूर त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "छाप. आणि या वेळी एक शब्द बदलू नकोस."

बदललेला नाही. माफी मला नको. तो अंक काढा, काकांच्या लेखातला शेवटचा परिच्छेद पेनाने खोडा, आणि खाली लिहा — त्याने दरवाजा उघडला.