पांढऱ्या मगातलं पाणी

मनोहरचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या प्रयोगशाळेत होते, कोपरापर्यंत हात टाकीत घालून. मनोहर म्हणजे महाडचा कुरिअरवाला. तो नेहमीसारखंच बोलायला लागला, "बाई, तुमचं पार्सल आलंय…" आणि थांबला. मी म्हटलं, "अरे मग ठेव ना दुकानात, नेहमी ठेवतोस तसं." तो म्हणाला, "दुकान बंद आहे. रज्जाकभाई काल संध्याकाळी गेले. मला सुचेना पार्सल कुठे ठेवू, म्हणून तुम्हाला लावला." मी ओल्या हातानेच फोन धरून उभी राहिले. त्या पार्सलमध्ये काय आहे ते मला ठाऊक होतं. ते माझ्या नावावर आलं असलं, तरी ते रज्जाकभाईंनी मागवलेलं होतं.

महाडच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत रज्जाकभाईंचं रंगीत माशांचं दुकान होतं. ते बरीच वर्षं मस्कतला होते. तिथल्या एका हॉटेलात भिंतीएवढी काचेची टाकी होती, तिची देखभाल हे त्यांचं काम. परत येताना लोक टेपरेकॉर्डर, ब्लँकेटं, अत्तरं आणत. यांनी दोन फिल्टर, जाळ्या आणि एक पांढरा इनॅमलचा मग आणला. महाडमध्ये मासा म्हणजे खायचा, त्यामुळे पहिलं वर्षभर लोक दारात उभे राहून "हे कालवणात कसे लागतात?" असं विचारत. ते न चिडता सांगत, "लागत नायत. नुसते बघायचे."

मी तेव्हा महाडच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होते. विषय प्राणिशास्त्र. आमचं गाव वरंधजवळ. वडील घाटात रस्त्याच्या डागडुजीच्या कामावर. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच, आणि ही गोष्ट मी समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगत असे. अजूनही सांगते, त्यात लाज कसली? तर शिकवणीच्या पैशांतून मी रज्जाकभाईंकडून दीड फुटाची टाकी घेतली आणि वर म्हटलं, "चार गोल्डफिश द्या."

"मासा आज नाय," ते म्हणाले.

"का? समोर तर आहेत."

"टाकी घेऊन जा. पानी भर, वाळू घाल, पंप लाव. पंधरा दिसांनी त्यातलं पानी बाटलीत भरून आन. मी बघीन, मग मासा."

हा त्यांचा नियम होता. तहसीलदारांच्या घरचं माणूस आलं तरी हेच उत्तर. बाटली आणली की ते पाणी मगात ओतत, उजेडाकडे नेत, डोळे मिटून वास घेत आणि निकाल देत. पण मला तो अपमान वाटला. मी म्हटलं, "मी झूलॉजी शिकते." ते म्हणाले, "शीक की. पानी आन."

मी पाणी नेलं नाही. पनवेलला मामेबहिणीकडे गेले आणि तिथल्या एका दुकानातून चार गोल्डफिश घेऊन, एसटीत पिशवी मांडीवर धरून आले. दुकानदाराने एका शब्दाने काही विचारलं नाही. मला ते फार सभ्य वाटलं. तिसऱ्या दिवशी चारही मासे पाण्यावर तरंगत होते. आबा, म्हणजे माझे वडील, त्या दिवशी माझ्या महाडच्या खोलीवर आले होते; टाकीपाशी उकिडवे बसून म्हणाले, "ताजे होते तवाच दिले असतेस तर आयशीने तळले तरी असते."

शेवटी बाटली घेऊन गेलेच. रज्जाकभाईंनी वास घेतला. "भाड्याच्या खोलीवरचं नळाचं पानी हाय. औषध मारलेलं. आनि टाकी साबनाने धुतलीस." दोन्ही खरं होतं. मी मान खाली घातली. तेव्हा ते जे म्हणाले, ते मी पुढे दरवर्षी वर्गात सांगत आले आहे. "कालेजात माशाच्या पोटातलं शिकवतात, बाय. पोटाभायेरचं नाय शिकवत काय गो?"

मग त्यांनी मला तो वास शिकवला. आधी नळाच्या औषधाचा उग्र वास. तो गेला की काही दिवस एक शिळा, आंबूस वास. आणि टाकी तयार झाली की पहिल्या नांगरटीसारखा, ओल्या मातीचा. "हा आला की पानी जितं झालं," ते म्हणायचे. बारीक जीवाणू वाळूत स्थिरावतात आणि माशांची घाण पचवू लागतात, हे मी नंतर पुस्तकात वाचलं. पुस्तकात वास दिलेला नव्हता.

पोलादपूरच्या शाळेत विज्ञानशिक्षिका म्हणून लागले, तेव्हा पहिल्या पगारातून प्रयोगशाळेसाठी टाकी घेतली ती त्यांच्याकडूनच. मासाही लगेच मागितला नाही. पुढे कितीतरी शनिवारी शाळा सुटल्यावर मी बाटली घेऊन पोलादपूर–महाड एसटीत बसत आले. एक कंडक्टर मला 'गंगाजळवाल्या बाई' म्हणायचा. रज्जाकभाई मुंबईहून मासे आणायचे ते रेल्वेने, वीर स्टेशनला उतरून, आणि तिथून रिक्षावाल्याला "हलू रे, पोरं झोपलीत" असं सांगत, मांडीवर पिशव्या घेऊन. एका वर्षी पुरात सावित्रीचं पाणी दुकानात छातीभर चढलं. मी भेटायला गेले तेव्हा ते गाळ खरवडत होते. मला बघून म्हणाले, "सगळे गेले गो सावित्रीत. आता खाडीपत्तूर दुकान हाय माझं."

मग शाळेत कॉम्प्युटर आले, इंटरनेट आलं. मी ते शिकून घेतलं, आणि एक दिवस मला माशांचं सामान विकणारी दुकानं त्या पडद्यावर सापडली. जे फिल्टर रज्जाकभाईंकडे एकाच प्रकारचे, ते तिथे वीस प्रकारचे, आणि जवळजवळ निम्म्या किमतीत. मी बँकेतून ड्राफ्ट काढून पाठवला. त्यांना सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, शाळेचे पैसे आहेत, वाचवलेच पाहिजेत. हे खरंच होतं. तरी त्या शनिवारी मी बाटली घेऊन गेले नाही, हेही खरं.

कुरिअर तेव्हा पोलादपूरला पोचवत नसत. खोक्यावर माशाचं चित्र, आत फिल्टर. मनोहरने ते पाहिलं आणि सरळ रज्जाकभाईंच्या दुकानात नेऊन ठेवलं. माशांचं सामान दुसरीकडे कुठे जाणार? मग मला फोन केला, "बाई, पार्सल रज्जाकभाईंकडे ठेवलंय, सवडीने घ्या."

दुकानाची ती पायरी मला तेव्हा घाटासारखी वाटली. खोकं गल्ल्यावर, मधोमध. रज्जाकभाई म्हणाले, "तुझं सामान आलंय. हितंच उघड. फुटलंबिटलं असंल तर आत्ताच कळंल." मी उघडलं. त्यांनी फिल्टर हातात घेतला, उलटसुलट केला, पंख्याची पाती बोटाने फिरवून पाहिली. मी वाट पाहत होते. आता हे नावं ठेवतील, मग मी किमतीचं सांगेन, असं सगळं बोलणं तयार करून गेले होते.

"चांगला हाय," ते म्हणाले. "माझ्याकडच्यापेक्षा चांगला हाय. कितीला पडला?" मी आकडा सांगितला. मग आतल्या दाराकडे तोंड करून बायकोला, जुबेदाभाभींना, म्हणाले, "चहा टाक गो, बाय आलीय." आणि माझ्याकडे वळून, "बाटली कुठाय?"

मी म्हटलं, "आणली नाही. मला वाटलं, तुम्ही आता…"

"फिल्टर तिथून आला, म्हनून पानी पन तेच बघनार काय?"

चहा पिता पिता त्यांनीच विचारलं, त्यांच्यासाठीही असे चार मागवता येतील का. तेव्हापासून मी त्यांचं इंटरनेट झाले. शुक्रवारी ते फोनवर यादी सांगत, मी शाळेतून मागवत असे, आणि पार्सलं त्यांच्या पत्त्यावर येत. मग आम्ही दोघं मिळून खोकी उघडायचो आणि भांडायचो. एकदा पाणवनस्पती मागवल्या, त्या पालेभाजीसारख्या काळ्या पडून आल्या. ते म्हणाले, "भाजी कर आता." उलट एकदा माशांच्या औषधावरची तारीख वाचून मी त्यांना दाखवलं, की त्यांच्या मुंबईच्या व्यापाऱ्याने जुना माल दिलाय, माझा ताजा आहे. तेव्हा ते निमूटपणे बाटल्या उचलून मागे ठेवायला गेले. हातभर नळी, एखादी रबरी चकती, हे मात्र इंटरनेटवर मिळत नसे. ते कातरीने कापून द्यायला माणूस लागतो.

मी त्यांना एकदा सांगितलं होतं, की पाण्यात थेंब टाकून रंग बघायची एक पेटी मिळते. घाण असेल तर पाणी हिरवं होतं, स्वच्छ असेल तर पिवळं. ते हसून म्हणाले, "मला नाक दिलंय अल्लाने, पेटी कशाला?"

गेल्या हिवाळ्यानंतर मात्र काहीतरी बिनसलं. एका जुन्या गिऱ्हाइकाचं पाणी त्यांनी पास केलं आणि आठवड्यात सगळे मासे गेले. रज्जाकभाई स्वतः गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन टाकी साफ करून आले. गिऱ्हाईक काही बोललं नाही, पण यांच्या मनाने घेतलं. चहाच्या कपावर नाक धरून मला म्हणाले, "बाय, आलं घातलंय काय यात?" घातलेलं होतं, भरपूर. मग खाली बघत म्हणाले, "माझं नाक गेलं बहुतेक. लोक माझ्या शब्दावर मासा नेतात. ती पेटी मागव." इतकी वर्षं मी त्यांच्याशी हुज्जत घातली, पण ही हुज्जत मला जिंकायची नव्हती.

शेवटची भेट शनिवारची. प्रयोगशाळेत नवी मोठी टाकी लावली होती, तिचं पाणी नेलं होतं. त्यांनी मगात ओतलं, दोनदा वास घेतला, तिसऱ्यांदा घेतला. "बुधवारपत्तूर थांब. बुधवारी सोड मासे." आणि मग, जे त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं… "पन माझ्यावर जाऊ नको. पेटी येऊ दे. पुढल्या शनिवारी आपन दोघं बघू." ते रविवारी गेले. दुपारची झोप झाली, चहा झाला, आणि बसल्या जागी.

सोमवारी मी महाडला पोचेपर्यंत दफन झालं होतं. भाभींजवळ बसले. त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरून ठेवला. निघताना मनोहरने पार्सल दिलं. पोलादपूरला परतल्यावर मी पेटी उघडली. त्या दिवशी उघडावी की नाही, असा प्रश्न पडला होता. पण त्यांना उत्तर हवं होतं, आणि विचारणारी आता मीच एक होते. थेंब टाकले. पाणी हिरवं. मंगळवारी फिकट हिरवं. बुधवारी सकाळी, शाळा भरायच्या आधी… पिवळं. स्वच्छ, लिंबाच्या सालीसारखं पिवळं.

नाक गेलं नव्हतं. त्या गिऱ्हाइकाच्या माशांचं काय झालं असेल ते असो. शनिवारी एका मगभर पाण्यात त्यांनी बुधवार ओळखला होता. मी दुपारी मासे सोडले. त्यातला एकही गेलेला नाही.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला गेले तेव्हा भाभींनी तो पांढरा मग कागदात गुंडाळून दिला. "माझ्या चहाला नाय चालत, माशांचा वास येतो," म्हणाल्या आणि हसल्या. दुकान त्यांनी पुन्हा उघडलंय. "मासा आज नाय" हे त्या अगदी त्यांच्याच सुरात सांगतात, आणि पाण्याची बाटली घेऊन आलेल्याला माझ्याकडे पाठवतात. तो मग आता प्रयोगशाळेच्या खिडकीत असतो. काठाचं इनॅमल दोन ठिकाणी उडालंय. मी आधी मगातला वास घेते, काय वाटतं ते पाटीवर लिहिते आणि मगच थेंब टाकते. माझं नाक दहातल्या सहा वेळा बरोबर येतं. ते असते तर म्हणाले असते, सहा म्हंजे पास हाय, पन फस्कलास नाय.

पेटीतले थेंब संपत आले, म्हणून काल नवी मागवली. पोलादपूरपर्यंत घरपोच देऊ, असं आता त्या पडद्यावर लिहून येतं. मी पत्ता महाडचाच दिला, रज्जाकभाईंच्या दुकानाचा. मनोहर ठेवेल गल्ल्यावर, आणि खोकं भाभींसमोर उघडेन. शनिवारी.