कसंही टाका

“कसंही टाका, अण्णा, कसंही!” शेजारची मेघा वडिलांच्या कानाशी इतकी ओरडली की चार गल्ल्या सोडून झोपलेली कुत्री उठून बसली. अण्णांचा हात थरथरतो. कानाचं मशीन चार्जरवर नेमकं बसवणं त्यांना जमेना आणि मेघा दिवसभर कामावर. महिनाभर घरातला शब्द त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. म्हणून या इंजिनिअर पोरीने मारुतीच्या शेपटीएवढी तांब्याची तार घेऊन एका वाडग्याला तीन वेटोळी बसवली, एक आडवं, दोन एकमेकांना छेदत उभी. आता मशीन वाडग्यात उताणं पडो की पालथं, न जोडताही वीज त्याला गाठतेच.

आपली माया तरी कुठे अशी असते? समोरचा नीट, सरळ बसला तरच ती पोचते.

दोन तासांनी अण्णांनी मशीन कानात घातलं.

“येतंय ऐकू?” मेघाने अगदी हळू विचारलं.

“पंख्याला तेल घाल,” अण्णा म्हणाले.